गोळी दुकानात आहे, घरात नाही
(संस्थेच्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. हृदयविकारावर हा काय बोलणार, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. परंतु आजचा विषय औषधाचा कमी आणि घरखर्चाच्या हिशेबाचा अधिक आहे.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला पुढे साधारणतः चार प्रकारच्या गोळ्या देतात. रक्ताची गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिन, हृदयावरचा ताण कमी करणारी बीटा ब्लॉकर, रक्तवाहिन्या सैल ठेवणारी एसीई इनहिबिटर आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन. 18 देशांतील एक मोठी पाहणी 2016 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भारत वगळता इतर गरीब देशांच्या ग्रामीण भागात ही चारही औषधे अवघ्या 3 टक्के ठिकाणी मिळाली. भारतात मात्र शहरांत 89 टक्के आणि खेड्यांत 81 टक्के ठिकाणी मिळाली!

हे आपोआप घडलेले नाही. बर्लिनहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली मुंबईत ‘सिप्ला’ सुरू केली. पुढे 1970 चा पेटंट कायदा आला व 1972 पासून अमलात आला. औषधावर कोणाची मक्तेदारी नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर आहे, असे त्या कायद्याने ठरवले. मग आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी निराळ्या पद्धतीने तेच औषध बनवले. 2005 पासून कायदा पुन्हा बदलला. पण तोवर देशात कारखाने उभे राहिले होते. रसायनशास्त्राचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे मी मुद्दाम सांगतो.

आता त्याच पाहणीतला दुसरा आकडा पाहा. अन्नाचा खर्च वजा जाता घरात जे उरते, त्याच्या पाचव्या हिश्शाहून अधिक पैसा या चार औषधांना लागत असेल तर ती परवडत नाहीत, असे मानले गेले. या मापाने भारतातील 59 टक्के कुटुंबांना ती परवडणारी नव्हती. म्हणजे गोळी दुकानापर्यंत पोहोचली, दुकानातून घरात आली नाही.

का येत नाही, हे भद्रकालीत किंवा मालेगावच्या यंत्रमागांच्या वस्तीत निराळे सांगायला नको. रोजंदारीचा माणूस महिन्याचे औषध एकदम घेत नाही. दोन-चार दिवसांच्या गोळ्या कापून घेतो. पाकिटाच्या ज्या तुकड्यावर नाव आणि मुदतीची तारीख असते तो बहुधा दुकानातच राहतो. छातीत दुखायचे थांबले की गोळी एक दिवसाआड, आणि मग बंद. घरातली आई आजारी असेल तर ती आणखी लवकर बंद. ती स्वतःच “आता बरे वाटते” म्हणते.

आपल्या समाजात ऑपरेशनसाठी वर्गणी लगेच जमते, आणि ते चांगलेच आहे. पण त्यानंतरच्या बारा महिन्यांच्या गोळ्यांसाठी कोणी पावतीपुस्तक काढलेले मी पाहिले नाही. माझ्या मते पैसा तिथेही हवा.

मार्ग मुळीच नाहीत असे नाही. 2008 पासून जनऔषधी दुकाने निघाली. तेथे तीच औषधे कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने आणि पुष्कळ स्वस्त मिळतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. नाशिकचे सिव्हिल आणि शालिमारजवळचे संदर्भ सेवा रुग्णालय त्यांतच येतात. रांगेत एक दिवसाची रोजी बुडते, हेही खरे.

तेव्हा पालकांनो, एक काम आठवी-नववीतल्या मुलाला किंवा मुलीला द्या. घरातल्या गोळीच्या पाकिटावर कंपनीने दिलेले नाव असते आणि औषधाचे मूळ नावही असते. ते मूळ नाव व त्यापुढचे मिलिग्रॅम वहीत उतरवून घ्यायला सांगा. ती वही डॉक्टरांना दाखवून, हीच गोळी मूळ नावाने लिहून द्याल का, असे विचारा. स्वतःच्या मनाने गोळी बदलू नका, बंदही करू नका. आणि जनऔषधीत जाताना वही व डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही न्या.