बाणाच्या शेपटीचा दिवा
(शिक्षक-संमेलनातील व्याख्यान)



सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत येत नाही, असे आपण मुलांस सांगत असतो. परंतु सुटलेला बाण गेला कोठे, हा प्रश्न धनुर्धरास त्याहून अधिक छळतो. चाके बसविलेल्या आजच्या कंपाउंड धनुष्यातून बाण सेकंदास सुमारे 250 ते 300 फूट वेगाने सुटतो. साठ फुटांचे अंतर तो पाव सेकंदाच्या आत तोडतो. माणसाच्या डोळ्यास त्याचा नीट पाठलाग करता येत नाही. अमेरिकेतील शिकारी यासाठी पूर्वी फिरकीवरील बारीक दोरा बाणास बांधीत. पुढे तेथेच बाणाच्या शेपटीस दिवा लावण्याची युक्ती रूढ झाली.

बाणाच्या मागील टोकास, प्रत्यंचेत अडकविण्यासाठी, खाच असलेली एक लहानशी टोपी असते. तिला धनुर्धर ‘नॉक’ म्हणतात. दिव्याचा नॉक पारदर्शक प्लास्टिकचा असून त्यात काडीएवढा विद्युत्घट व इवलासा एलईडी दिवा बसविलेला असतो. प्रत्यंचा सुटताच तिच्या रेट्याने नॉक किंचित पुढे सरकतो, कळ जुळते आणि दिवा लागतो. बाण लक्ष्यात रुतल्यावरही तो कित्येक तास जळत राहतो. साध्या नॉकचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, तर दिव्याच्या नॉकचे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम असते. हा फरक क्षुल्लक वाटला, तरी तो बाणाच्या अगदी शेवटी पडत असल्यामुळे बाणाचा तोल मागे सरकतो. म्हणून जाणता धनुर्धर ज्या वजनाचा नॉक प्रत्यक्षात वापरावयाचा, त्याच वजनाच्या नॉकने सराव करतो.

अमेरिकेत हरणाची शिकार परवान्याने व ठराविक हंगामात होते, आणि हरीण बहुधा पहाटे किंवा संध्याकाळी, अंधुक प्रकाशात बाहेर पडते. बाण लागलेले हरीण जागीच कोसळते असे नाही; ते झाडीत पळते. तेव्हा बाण कोठे लागला हे कळणे ही केवळ सोयीची गोष्ट राहत नाही. दिव्याची रेघ ज्या जागी विझली अथवा थांबली, तेथून शिकाऱ्यास जखमेची जागा समजते. आरपार गेलेला बाण गवतात चमकतो व हाती येतो. त्यावरील रक्त तांबडेलाल व फेसाळ असेल, तर जखम फुप्फुसाची. पोटातील घाण व दुर्गंधी असेल, तर जखम पोटाची. पहिल्या स्थितीत जनावर जवळच सापडते. दुसऱ्या स्थितीत कित्येक तास थांबूनच माग काढावा लागतो. घाई केल्यास ते दूर पळते आणि कोठेतरी तळमळत मरते. शिकाऱ्याच्या अज्ञानाची किंमत अशी मुक्या जनावरास द्यावी लागते.

तरीही या दिव्यावर पुष्कळ वाद झाला. धनुष्याने केलेल्या शिकारींची नोंद ठेवणारी ‘पोप अँड यंग क्लब’ ही संस्था 1961 मध्ये स्थापन झाली. धनुष्यास वा बाणास विजेचे साधन जोडलेले असल्यास ती शिकार नोंदली जात नसे. 2014 मध्ये संस्थेने हा नियम दिव्याच्या नॉकसाठी सैल केला. हा दिवा नेम धरण्यास मदत करीत नाही, की बाणास दूर नेत नाही. सुटल्यानंतर काय घडले, एवढेच तो सांगतो. जागतिक धनुर्विद्या स्पर्धांत मात्र विजेवर पेटणाऱ्या नॉकला आजही मनाई आहे.

सरावात या दिव्याचा उपयोग आहे. बाणाची उडान सावकाश गतीच्या चलच्चित्रात टिपली, तर शेपूट आडवी हलते की वरखाली, हे स्पष्ट दिसते. वरखाली हलत असेल, तर प्रत्यंचेवर बाण अडकविण्याची जागा चुकलेली असण्याचा संभव असतो. आडवी हलत असेल, तर बाणाची काडी धनुष्याच्या मानाने फार ताठ किंवा फार लवचिक असू शकते.

परंतु याच दिव्यात एक मोह दडलेला आहे. बाण सोडल्यावरही धनुर्धराने क्षणभर तसेच स्थिर राहावयाचे असते. दिवा पाहण्याच्या उत्सुकतेने नवशिका मान वर काढतो, धनुष्याचा हात खाली टाकतो, आणि हळूहळू ही हालचाल बाण सुटण्यापूर्वीच होऊ लागते. पुस्तकामागील उत्तर पाहत पाहत गणित सोडविणाऱ्या मुलासारखी त्याची गत होते. बाण कोठे गेला हे दिवा दाखवील. तो तेथे का गेला, हे धनुर्धराच्या मनगटाकडे, खांद्याकडे व बोटांकडे पाहणाऱ्या गुरूलाच सांगता येईल.

आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे; म्हणून हा विषय आपल्याकडे क्रीडांगणापुरताच. तेथेही तो लहान नाही. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाच्या नजरेस पडला, आणि 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. सातारा जिल्ह्याचीच अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिन येथे सतराव्या वर्षी जगज्जेती झाली.

शाळेत धनुष्यबाण नसले तरी चालेल; प्रशिक्षित मार्गदर्शकावाचून ते मुलांच्या हाती देऊही नयेत. भिंतीवर खडूने एक वर्तुळ काढावे व चिंध्यांचा चेंडू पाण्यात भिजवून घ्यावा. मुलाने नेम धरावा, डोळे मिटावे, चेंडू फेकावा आणि हात क्षणभर तसाच ठेवावा. चेंडू कोठे लागला असावा, हे त्याने डोळे उघडण्यापूर्वी सांगावे. मग भिंतीवरील ओला डाग पाहावा. त्याचे सांगणे व डाग यांतील अंतर जसजसे कमी होईल, तसतशी त्यास आपल्या हाताची ओळख पटू लागेल.

हाच नियम पाटीवरील गणितासही लावावा. मुलाने प्रथम आपले उत्तर बरोबर की चूक ते सांगावे, आणि शिक्षकाने ते तेव्हाच तपासावे. पंधरा दिवसांनी तपासून परत आलेली वही मुलास काय सांगणार? तोवर त्याचा बाण गवतात हरवलेला असतो.