नव्या पिकअपसाठी ‘कोल्ड एअर इनटेक’ : निवड आणि दक्षता
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाजीपाला, दूध, फळांचे क्रेट बाजारात नेण्यासाठी आता गावोगाव पिकअप गाड्या आल्या आहेत. बऱ्याचशा गाड्या कर्जावर घेतलेल्या असतात. गाडी रोज फिरली तरच हप्ता फिटतो. अशी नवी गाडी घेऊन आपण सुट्या भागांच्या दुकानात गेलो की दुकानदार ‘कोल्ड एअर इनटेक’ दाखवतो. इंजिनला थंड हवा मिळेल, ताकद वाढेल, ॲव्हरेज वाढेल, असे सांगतो. हे कितपत खरे आहे आणि बसवायचेच ठरले तर काय पाहावे, याची माहिती आज आपण घेणार आहोत.

थंड हवेचा फायदा कशामुळे?

एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १२ किलो हवा लागते. म्हणजे जवळजवळ दहा हजार लिटर हवा झाली. प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहूनही जास्त हवा ओढते. हवा तापली की विरळ होते. तापमान ३ अंशांनी वाढले की त्याच आकारमानातील हवेचे वजन साधारण १ टक्क्याने घटते. २५ अंशांची हवा ६० अंशांपर्यंत तापली तर वजन सुमारे १० टक्के कमी भरते. म्हणून बॉनेटखालची तापलेली हवा न घेता बाहेरची थंड हवा घ्यावी, हे तत्त्व बरोबर आहे.

मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, बऱ्याच नव्या गाड्यांत कंपनीनेच हवेचे तोंड पुढच्या जाळीजवळ किंवा हेडलाईटच्या मागे दिलेले असते. बॉनेट उघडून नळी कोठे जाते ते स्वतः पाहा. बाहेरची हवा आधीच मिळत असेल तर किट नवीन काय देणार? दुसरी, टर्बो इंजिनात हवा दाबली जाताना खूप तापते आणि इंटरकूलरमधून जाताना पुन्हा थंड होते. त्यामुळे सुरुवातीला हवा थोडी थंड मिळाल्याचा लाभ पुढे बराचसा कमी होतो. शिवाय डिझेल किती सोडायचे हे आता संगणक ठरवतो. नुसती हवा वाढवून ताकद वाढत नाही.

किट बसवल्यावर हवा ओढण्याचा आवाज मोठा येतो. तो ऐकून गाडी जोरात चालते असे वाटते. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असे समजू नका.

खरा प्रश्न धुळीचा

आपली गाडी डांबरी रस्त्यापेक्षा पाणंद आणि खडीच्या रस्त्याने जास्त जाते. या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. ते इंजिनात गेले की लायनर आणि रिंगा कानशीप्रमाणे घासतात. मग इंजिन ऑईल खाऊ लागते, धूर काढते आणि ओढ कमी होते. टर्बोची वेगाने फिरणारी पातीही झिजतात. जुन्या ट्रॅक्टरचे ऑईल बाथ एअर क्लीनर वेळेवर साफ न केल्यास काय होते, हे आपणांस ठाऊकच आहे.

फिल्टरच्या गुणांत किरकोळ वाटणारा फरक मोठा असतो. समजा, फिल्टरपर्यंत १०० ग्रॅम धूळ आली. ९९.९ टक्के धूळ अडवणाऱ्या फिल्टरमधून ०.१ ग्रॅम आत जाईल, तर ९९ टक्के अडवणाऱ्यातून १ ग्रॅम जाईल. म्हणजे दहापट! हवा जास्त मोकळी सोडणाऱ्या काही फिल्टरमध्ये नेमकी येथेच तडजोड असते.

बसवायचेच असेल तर काय पाहावे?

१) आयएसओ ५०११ या पद्धतीने घेतलेल्या चाचणीचे आकडे मागावेत. धूळ किती टक्के अडते आणि फिल्टर किती धूळ साठवतो, हे दोन्ही विचारावे. आकडे नसतील तर माल घेऊ नये.

२) बॉनेटखाली उघडा राहणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर घेऊ नये. तो तापलेली हवाच ओढतो. बंद डब्यातील आणि बाहेरून हवा घेणाराच घ्यावा.

३) हवेचे तोंड मूळ तोंडापेक्षा खाली नसावे. ओढ्यावरील फरशी पुलावरून जाताना पाणी आत ओढले गेले तर ते दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागेवर बसते.

४) तेल लावावयाच्या कापडी फिल्टरला तेल जास्त झाल्यास हवा मोजणाऱ्या सेन्सरवर ते बसू शकते. मग डिझेलचे प्रमाण चुकते.

५) नळी आपल्याच मॉडेलची असावी. सांधे व क्लिपा घट्ट असाव्यात. फिल्टरनंतरच्या सांध्यातून हवा आत आली तर ती न गाळलेलीच असते.

६) वॉरंटीवर काय परिणाम होईल, हे कंपनीच्या सर्व्हिस केंद्राकडून लेखी घ्यावे. नोंदणीपत्रातील तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मनाई आहे. शंका असल्यास परिवहन कार्यालयात विचारावे.

हिशोब करून पाहा

समजा, गाडी महिन्याला १,५०० किलोमीटर फिरते आणि लिटरला १२ किलोमीटर देते. महिन्याला १२५ लिटर डिझेल लागले. दोन टक्के बचत धरली तरी ती अडीच लिटरची होते. किटच्या किमतीला या अडीच लिटरच्या पैशांनी भागा. किती महिन्यांत पैसे फिटतील ते कळेल. बचत झालीच नाही तर पैसे कधीच फिटणार नाहीत. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ मधील अहवालानुसार, संगणक-नियंत्रित पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबला तरी इंधनाच्या खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र कमी झाली. तेव्हा केवळ हवा मोकळी केल्याने ॲव्हरेज वाढेल, ही अपेक्षा ठेवू नये.

माझी शिफारस अशी की, मालवाहतुकीच्या नव्या पिकअपला कंपनीचाच डबा व फिल्टर ठेवावा. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेतील मुदतीपूर्वीच तपासावा. कागदी फिल्टरवर जोराची हवा मारू नये, कागद फाटतो. आत दिवा धरून पाहावा. कोठे छिद्रातून उजेड दिसला तर फिल्टर लगेच बदलावा. किटसाठी ठेवलेल्या पैशांतून चांगल्या प्रतीचे दोन-तीन फिल्टर घरात आणून ठेवावेत. ऐन हंगामात गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तर माल शेतातच राहतो. गाळलेली हवा मिळाली तर इंजिन वर्षानुवर्षे साथ देते, हे लक्षात ठेवावे, एवढीच विनंती करून मी माझे व्याख्यान संपवतो.