हवेचा हिशेब आपल्यालाही कळू दे



भोपाळचं गोविंदपुरा म्हणजे भेलचा कारखाना, औद्योगिक वसाहत आणि त्यांना खेटून लोकांची घरं. अशा ठिकाणी नवा प्रकल्प आला की अहवाल सांगतो, हवेवर परिणाम नगण्य. हे नगण्य ठरवतात कसं?

हिशेब साधा आहे. आज हवेत धूळ किती, ते आधी मोजायचं. नवी चिमणी किती भर घालेल, ते तिची उंची आणि वारा बघून काढायचं. मग बेरीज मर्यादेशी ताडायची. पीएम १० साठी २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. समजा, आजच ९५ आहे आणि भर पडणार ८. भर छोटी, पण बेरीज १०३! म्हणून नुसत्या भरीच्या तक्त्यावर जाऊ नका. मोजणी कुठल्या महिन्यात केली? शेजारचे कारखाने धरले का? विचारा.

२००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी किमान ३० दिवस सूचना आणि राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत सारांश द्यावा लागतो. सीमाभागात गोची इथंच होते. राज्यभाषेत सारांश दिला की कागदावर नियम पुरा! पण २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी-हिंदीतच निघाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो २२ भाषांत आणायला सांगितलं होतं.

१९८४ मध्ये भोपाळच्या वस्त्यांना माहीतच नव्हतं, शेजारच्या टाकीत काय आहे. आपल्या गावात सुनावणी लागली, तर सारांश मराठीत लेखी मागा, आणि ती बेरीज स्वतः करून बघा.