यकृतांतील मेद आणि जीवनसत्त्वें

सोलापुरास उन्हाचा दुष्काळ नाहीं. परंतु नवी पेठेंत दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याच्या अंगास तें लागतें किती? अ, ड, ई आणि के हीं जीवनसत्त्वें स्निग्ध पदार्थांत विरघळतात. ‘अ’चा बहुतेक सांठा यकृतांतच असतो, उन्हानें त्वचेंत बनलेल्या ‘ड’वर पहिला संस्कारही तेथेंच होतो.

यकृतांत शेंकडा पांचांहून अधिक मेद सांचला कीं विकार समजावा. मद्यास न शिवणाऱ्यांसही तो जडतो. अशा रोग्यांत ‘ड’ पुष्कळदां कमी आढळतें. मात्र तें कारण कीं केवळ सोबती, हा वाद मिटलेला नाहीं.

२०१० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मधुमेह नसलेल्या, यकृतास दाह झालेल्या प्रौढांस रोज ८०० एकक ‘ई’ ९६ आठवडे दिलें. शेंकडा ४३ जणांचें यकृत सुधारलें. औषधहीन गोळी घेणाऱ्यांत शेंकडा १९ जणांचें. तरीही कोणीं आपल्या मनानें बाटली आणूं नये. हीं सत्त्वें शरीरांत सांचतात, आणि ‘अ’चा अतिरेक यकृतासच बाधतो.

डॉक्टरांचा सल्ला, वजनांत घट, रोजचें चालणें, ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि बेताची शेंगाचटणी, हाच भरंवशाचा मार्ग होय.