मातीची साक्ष

(जुईनगर येथें दिलेलें व्याख्यान)



या खाडीकाठीं आपल्या वाडवडिलांनीं शेतें कसलीं, मिठागरें राखलीं, जाळीं विणलीं. पण पोथ्यांत त्यांचें नांव नाहीं. लेखणी ज्यांच्या हातीं होती त्यांनीं राजांचें व देवांचें लिहिलें. मग कष्टकऱ्यांचा इतिहास गेला कोठें? तो मातींत आहे. ती माती वाचण्याची विद्या म्हणजे पुरातत्त्वविद्या.

हिची पहिली शाखा उत्खननाची. थरावर थर उलगडावयाचे. खालचा थर जुना, वरचा नवा. पुणें जिल्ह्यांत इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत खोदकाम केलें. शंभरावर घरें, चुली, धान्य सांठविण्याच्या जागा आणि घराच्या भुईखालीं मडक्यांत पुरलेलीं तान्हीं मुलें सांपडलीं. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचे शेतकरी ते! जळके दाणे व हाडें तपासणारी शाखा निराळी. ते जव पिकवीत व गुरें पाळीत, हें तिनें दाखविलें.

दुसरी शाखा शिलालेखांची. नाशिकच्या लेण्यांत राजा नहपानाचा जांवई उषवदात सांगतो कीं, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेंकडा एक व्याजानें ठेवले. हातानें काम करणारास हिशेब कळत नाहीं म्हणणारांनीं हा लेख वाचावा.

तिसरी नाण्यांची. १९०६ सालीं जोगळटेंभी येथें त्याच नहपानाचीं तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारला होता. राज्य पालटल्याचा याहून रोकडा पुरावा कोणता?

चौथी सागरी. समोरच्या घारापुरीस भूमध्य समुद्राकडील मद्यकुंभांचीं खापरें मिळालीं. म्हणजे आपला किनारा दोन हजार वर्षांपूर्वींच दूरदेशीं ओळखीचा होता.

जुईनगरांतहि इमारतींच्या पायासाठीं जमीन खणली जाते. जुनें खापर, कोरीव दगड दिसल्यास फेकूं नका, विकूं नका. जागचा हलला कीं त्याची साक्ष अर्धी बुडते. पुरातत्त्व खात्यास कळवा. दहा रुपयांवर किंमतीचें गुप्तधन सांपडल्यास कलेक्टरास कळविणें १८७८ च्या कायद्यानें बंधनकारक आहे.

आणि मुलामुलींस ही विद्या शिकवा. खणणारे हात आमचे व अर्थ लावणारे दुसरेच, हें आतां पुरे झालें!