बिघडलेली फाइल आणि तिचा वाचक



शतक पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून संगणकातील बिघाडांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या शास्त्राने मराठी अक्षर पडद्यावर आणले, त्याच्याही परिभाषेत 'लायब्ररी' हा शब्द आहे आणि तो केवळ योगायोगाने आलेला नाही. एकदा लिहून ठेवलेले आणि अनेक प्रोग्रॅमांनी मागून नेऊन वापरावे असे संहितेचे भांडार, असा त्याचा अर्थ. ती संहिता कोणालाही वाचता, सुधारता आणि वाटता येत असेल तर ती 'मुक्त स्रोत' लायब्ररी होय. आपल्या ग्रंथालयाशी तिचे एका बाबतीत मात्र जुळत नाही. इथले पुस्तक एका वेळी एकाच सभासदाच्या घरी जाते. ती लायब्ररी एकाच क्षणी कोट्यवधी यंत्रांत नांदत असते. तिच्या एका ओळीतील चूकही त्यामुळे कोट्यवधी ठिकाणी असते.

दमणगंगेच्या काठच्या अथालचेच उदाहरण घ्यावे. सिल्वासाच्या परिसरात कारखान्यांच्या निमित्ताने नाना प्रांतांची माणसे एकत्र आली आहेत. एकाच पाळीतील एकाच्या हातातील फोनवर मराठी मजकूर असतो, दुसऱ्याच्या फोनवर गुजराती, तिसऱ्याच्या फोनवर हिंदी. या प्रदेशाच्या १९५४ सालच्या घटनेला आपण 'मुक्तिसंग्राम' म्हणतो. त्या एका शब्दात 'क्ति' आहे, 'ग्रा' आहे. ही जोडाक्षरे अँड्रॉइड फोनवर नीट उमटतात, त्यामागे मुख्यतः दोन मुक्त स्रोत लायब्रऱ्या आहेत. एक हर्फबझ आणि दुसरी फ्रीटाइप. (फारसीत 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाझ' म्हणजे उघडे, नाव ठेवणाऱ्याची रसिकता मानली पाहिजे.) फाँटच्या फाइलीत अक्षरांच्या आकृत्या असतात, तसे त्या कशा जोडायच्या याचे नियमही असतात. 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतला खास मराठी वळणाचा अर्धा र याच नियमांतून सिद्ध होतो. हर्फबझ नियम वाचून आकृत्यांची निवड आणि क्रम ठरवते, तर फ्रीटाइप त्या आकृत्या ठिपक्यांनी रंगवते. लिपी वेगळी, भाषा वेगळी, पण वाचक तोच.

फाँटची फाइल हीही एक पोथीच आहे. आरंभी तिची अनुक्रमणिका असते : कोणता तक्ता फाइलीच्या आरंभापासून किती अंतरावर आहे आणि त्याची लांबी किती. आता तीनशे पानांच्या ग्रंथाच्या अनुक्रमणिकेत 'पृष्ठ ५००' अशी नोंद सापडली तर माणूस काय करील? मुद्रकाला दोन शब्द ऐकवील आणि पुढे वाचील. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला मात्र हा विवेक उपजत नसतो. सीमा तपासण्याचे काम त्या भाषेने, वेगाच्या लोभाने म्हणा, लिहिणाऱ्यावर सोपवले आहे. ते त्याने केले नाही तर प्रोग्रॅम पाचशेव्या पानाच्या शोधात ग्रंथाबाहेर, म्हणजे संगणकाच्या मेमरीतील परक्या जागेत शिरतो. तेथे मज्जाव असला तर संगणक त्याला जागीच थांबवतो. यालाच 'क्रॅश' म्हणतात. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच, की पत्र लिहिता लिहिता पडद्यावरची खिडकी नाहीशी झाली. पण असे थांबवले जाणे हे भाग्यच समजावे. ती परकी जागा त्याच प्रोग्रॅमच्या ताब्यातील असली तर तो थांबत नाही. नको ते वाचत आणि नको तिथे लिहीत राहतो. मुद्दाम बिघडवलेली फाइल पाठवून यंत्राचा ताबा घेणारे नेमका याच गैरसोयीचा लाभ उठवतात.

ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रीटाइपमध्ये असा एक दोष उघडकीस आला. काही फाँटांत आकृती ही पीएनजी नावाच्या चित्राच्या रूपात ठेवलेली असते. त्या चित्राची रुंदी आणि उंची चित्राच्याच आरंभी ३२ बिटांच्या आकड्यांत नोंदलेली असते. फ्रीटाइप मात्र ते आकडे १६ बिटांच्या घरात साठवत असे आणि त्या घरात ६५,५३५ हून मोठी संख्या मावत नाही. समजा, फाइलीत रुंदी ६५,५३७ लिहिली आहे. १६ बिटांत घातल्यावर उरतो केवळ १. जागा राखली गेली त्या १ च्या हिशेबाने आणि चित्र उलगडणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीने ओतले ते मूळ आकड्याच्या हिशेबाने. गडवा राखून ठेवावा आणि त्यात विहीर उपसावी, तसे हे झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तपासणी नव्हती असे नाही. ३२,७६७ हून मोठे चित्र नाकारावे अशी ओळ संहितेत होतीच; पण ती आकडा छाटला गेल्यानंतर येत होती. दारावरचा पहारेकरी जागा होता, पण चोराने आत जाऊन वेष पालटल्यावर त्याची ओळख पटवायला बसला होता. दुरुस्ती झाली ती हीच ओळ वर उचलून ठेवण्याची. गूगलमधील संशोधक सर्गेई ग्लाझुनोव्ह यांनी १९ ऑक्टोबरला दोष कळवला आणि दुसऱ्याच दिवशी फ्रीटाइपची २.१०.४ ही सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीच या दोषाचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर सुरू झालेला होता.

अशा प्रसंगी पहिला विचार मनात येतो तो फाइल दुरुस्त करण्याचा. तो स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. ती एक फाइल सुधारली तरी उद्या दुसरी येईल. दोष फाइलीत असला तरी अपराध वाचणाऱ्याचा आहे. समोर आलेल्या प्रत्येक आकड्यावर त्याने विश्वास टाकला.

मराठी वाचकाला येथे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवावी. १९१९ मध्ये आरंभलेले आणि विष्णु सीताराम सुकथनकर यांनी ज्याला शास्त्रशुद्ध दिशा दिली ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. लेखकूंच्या हातून बिघडलेल्या शेकडो पोथ्या समोर ठेवून संपादकांनी पाठ निश्चित केला. जेथे खात्री नव्हती तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ ओढली. बिघडलेल्या पाठाशी वागण्याची ही फार प्रौढ रीत आहे. तथापि संगणकाच्या लायब्ररीला या रीतीचा अर्धाच भाग उचलता येतो. संपादकाजवळ ताडून पाहायला दुसऱ्या पोथ्या होत्या, तर्क होता, वर्षे होती. लायब्ररीजवळ एकच फाइल आणि निमिषमात्र अवधी असतो. तिने मूळ पाठ काय असेल याचा तर्क लढवू नये, संशयाची रेघ तेवढी ओढावी. हर्फबझ नेमके हेच करते. नियमांचा तक्ता वापरण्यापूर्वी ती त्यातील अंतरे व लांब्या फाइलीच्या सीमेत बसतात की नाही हे पाहते. एखादा निर्देश बाहेर जात असेल तर शक्य तेथे तो शून्य करून निकामी करते आणि असे निर्देश ठरावीक मर्यादेबाहेर गेले तर तो तक्ताच नाकारते. मग जोडाक्षर कदाचित सुटे, हलन्त चिन्हासह दिसेल. वाचकाचा डोळा अडखळेल, पण प्रोग्रॅम उभा राहील.

असे दोष सापडतात कसे, याची कथा मनोरंजक आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर वादळी रात्री घरून टेलिफोनच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. पावसामुळे तारेत खरखर येऊन भलतीच अक्षरे मिसळू लागली आणि चांगले नावाजलेले प्रोग्रॅम त्यामुळे कोसळू लागले. त्यांनी विद्यार्थ्यांना हेच काम दिले : अर्थहीन अक्षरांचा मारा करून पाहा. युनिक्सवरील तपासलेल्या प्रोग्रॅमांपैकी पाव ते एकतृतीयांश कोसळले. या पद्धतीला 'फझिंग' हे नाव पडले. २०१३ मध्ये मिखाल झालेव्स्की यांनी सशाच्या एका जातीवरून नाव घेतलेले एएफएल हे साधन केले. प्रोग्रॅम आतून कोणत्या वाटेने गेला हे ते पाहते आणि नवी वाट उघडणारे बदल जपून ठेवते. केवळ 'हॅलो' एवढाच शब्द असलेल्या फाइलीपासून आरंभ करून त्याने जेपीईजीची वैध चित्रे घडवली होती. २०१६ च्या अखेरीस गूगलने मुक्त स्रोत लायब्रऱ्यांसाठी हेच काम अखंड चालवणारी ओएसएस-फझ ही सेवा सुरू केली.

आणि येथे ग्रंथालयाच्या माणसाला आपलेपणा वाटावा अशी एक प्रथा आहे. ज्या बिघडलेल्या फाइलीने प्रोग्रॅम कोसळला, ती टाकून देत नाहीत. शक्य तेवढी लहान करून ती लायब्ररीच्या संहितेशेजारीच चाचणीच्या कपाटात ठेवतात. पुढे कोणी एक ओळ जरी बदलली तरी त्या कपाटातील प्रत्येक फाइल पुन्हा वाचून पाहिली जाते. म्हणून सामान्य वापरणाऱ्यानेही, एखादी फाइल उघडताच प्रोग्रॅम बंद पडत असेल तर, ती रागाने पुसून टाकू नये. मूळ प्रत न बदलता जपावी, प्रोग्रॅमची आवृत्ती आणि केलेली कृती लिहून घ्यावी आणि ते सारे लायब्ररी सांभाळणाऱ्यांकडे पाठवावे. फाइलीत खाजगी मजकूर असेल, किंवा दोष घातक वाटत असेल, तर चारचौघांत न मांडता खाजगीरीत्या कळवावे.

सांभाळणारी माणसे थोडी आहेत. डेव्हिड टर्नर यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली फ्रीटाइप पुढे दीर्घकाळ प्रामुख्याने वेर्नर लेंबर्ग यांनी सांभाळली आणि हे गृहस्थ मुळात संगीतक्षेत्रातले. कोट्यवधींच्या वाचनाचा भार इतक्या थोड्या खांद्यांवर असावा, ही स्थिती निश्चिंत राहण्यासारखी नाही. वाचकच मुळातून अधिक सावध भाषेत लिहावा असा प्रयत्नही चालू आहे. सीमा ओलांडू न देणाऱ्या रस्ट भाषेत लिहिलेली स्क्रिफा ही लायब्ररी २०२५ मध्ये क्रोमच्या १३३ व्या आवृत्तीपासून अँड्रॉइड आणि लिनक्सवर संकेतस्थळांच्या फाँटांसाठी फ्रीटाइपच्या जागी आली.

तरीही दुरुस्ती झाली म्हणजे ती पोहोचली असे नव्हे. मार्च २०२५ मध्ये फ्रीटाइपच्या २.१३.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांतील आणखी एक दोष जाहीर झाला. आकड्याचे चिन्ह बदलून जागा कमी राखली जाण्याचा, म्हणजे २०२० च्याच कुळातला. त्यानंतरची २.१३.१ ही आवृत्ती २०२३ मध्येच निघालेली होती. पण जुन्या प्रती अनेक यंत्रांत तशाच होत्या. अँड्रॉइडसाठी त्याची दुरुस्ती मे २०२५ च्या सुरक्षा-सुधारणेत आली. अथालमधला असो वा ठाण्यातला, प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा-सुधारणेची तारीख लिहिलेली असते. ती मे २०२५ च्या अलीकडची आहे की पलीकडची, हे घरी गेल्यावर प्रत्येकाने जरूर पाहावे.