पोलिसाचा खून आणि न्यायाधीशाचा विवेक



वकिलांचे संमेलन कोर्टाच्या आवाराबाहेर, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या कुरुळी गावात भरले, याचा मला मनापासून आनंद आहे. इथून चाकण जवळच. ३० जुलै २०१८ रोजी तिथे आंदोलनाला हिंसक वळण लागले. बसगाड्या जळाल्या, पोलिसांची वाहनेही जळाली, बंदोबस्तावरचे पोलीस जखमी झाले. जमावातून आलेला दगड खांद्यावर बसला तर जखम, कानशिलावर बसला तर मृत्यू. म्हणूनच आजचा विषय या मातीवर बोलण्यासारखा आहे.

कर्तव्यावरच्या पोलिसाचा खून करणाऱ्याला फाशीच हवी, अशी मागणी प्रत्येक घटनेनंतर होते. तिच्यामागचा संताप खरा आहे. तरीही ‘फाशीच’ यातल्या ‘च’ला माझा विरोध आहे.

अशा सक्तीच्या फाशीचा प्रयोग आपण करून पाहिला आहे. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीखेरीज दुसरी शिक्षाच नाही, असे भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ सांगत होते. तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांवर हल्ले होऊ नयेत, हा त्यामागचा मुख्य विचार. १९८३ साली मिठू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. निकाल लिहिला तो पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला गुन्ह्याची परिस्थिती पाहूच द्यायची नाही, हा न्याय नव्हे, हे त्याचे सार.

मग वर्दीला काहीच वजन नाही का? आहे. १९८० च्या बचनसिंग खटल्यात वकील डॉ. चितळे यांनी शिक्षा वाढवणाऱ्या परिस्थितीची यादी न्यायालयापुढे ठेवली. कर्तव्यावर असताना झालेला पोलिसाचा, सैनिकाचा किंवा लोकसेवकाचा खून त्या यादीत आहे. कायद्यानुसार पोलिसाच्या मदतीला धावलेल्या नागरिकाचा खूनही आहे, आणि हे मला फार मोलाचे वाटते. न्यायालयाने हे निकष साधारणपणे मान्य केले, पण न्यायाधीशाचे हात त्यांनी बांधले नाहीत. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे; पोलिसाच्या खुनासाठी वेगळे कलम नाही. माझ्या मते तशी गरजही नाही.

सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे आठवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्याकडे होती फक्त लाठी. दहशतवादी कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या पोटात घेतल्या आणि पकड सोडली नाही. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे, आणि म्हणून त्याच्यावर खटला चालू शकला. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, दयेचा अर्ज हे सगळे होऊन २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. चार वर्षांच्या आत, एकही पायरी न गाळता! कायद्याचा धाक बसतो तो असा.

इथे चिंचवडच्या चापेकर बंधूंची आठवण टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८९७ साली त्यांनी ब्रिटिश अधिकारी रँडला मारले आणि आपण त्यांना हुतात्मा मानतो. ते राज्य परक्याचे होते. आजचा कायदा आपण निवडून दिलेल्या सभागृहांचा आहे, म्हणून त्याच्या शिपायावर पडणारा घाव आपल्यावर पडतो.

मात्र सगळेच हल्लेखोर कसाब नसतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी हेल्मेट नसलेल्या अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवले. त्याच्या भावाने डोक्यात दांडका घातला. आठवडाभर झुंजून शिंदे गेले. असा घाव घालणारा फाशीचे कलम आठवून हात आवरत नाही. ‘पोलिसावर हात टाकला तरी काही होत नाही’ हे त्याने आजूबाजूला पाहिलेले असते. खरी गळती तिथे आहे.

लोकसेवकावरील हल्ल्याच्या कलम ३५३ ची शिक्षा महाराष्ट्राने स्वतःच्या दुरुस्तीने दोन वर्षांवरून पाचवर नेली होती. १ जुलै २०२४ ला जुनी संहिता गेली, तिच्याबरोबर ही दुरुस्तीही गेली. नव्या न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये पुन्हा दोनच वर्षे आहेत. ३५३ चा धाक दाखवून साध्या माणसाला कार्यालयातून हुसकावले जाते, ही तक्रारही खोटी नव्हती. म्हणून प्रत्यक्ष अंगावर हात टाकला असेल तिथेच पाच वर्षांची तरतूद राज्याने पुन्हा आणावी, अशी माझी मागणी आहे.

आणि आपल्याकडे, वकिलांकडे, एक विनंती. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने तहकुबीला दोन वेळांची मर्यादा घातली आहे. जखमी शिपाई साक्षीला आला असेल, तर त्या दिवशी तारीख मागू नका. आरोपीचा बचाव जीव तोडून करा, उलटतपास हवा तेवढा घ्या, पण तो त्याच दिवशी घ्या.